नेते गप्प, चॅनेल भलतीकडेच, मग पुरोगामी राजकीय लिखाण करायचं तरी कुणासाठी?

तुझा प्रश्न आधी थोडक्यात लिहिते म्हणजे बाकीच्यांनाही कळेल. चार वर्षं झाली तू पुरोगामी बाजूने राजकारणावर लिहितोयस, दुकान बंद केल्यावर रात्री मोबाईलवर टाइप करून. आता म्हणतोयस की ज्या पक्षांची बाजू एवढी मांडली त्यांचे नेते ऐन वेळी गप्प बसतात नाहीतर रातोरात पलीकडे जातात, बातम्या लावल्या की डोकं उठतं, घरचे म्हणतात कशाला नसत्या भानगडी, तर ताई बंद करू का हे सगळं?

बंद करू नकोस. पण तुझ्या मागच्या चाळीसेक पोस्टी मी काल बसून वाचल्या, आणि त्यातल्या निम्म्याहून जास्त पोस्टी कुठल्या ना कुठल्या साहेबांना उद्देशून आहेत. "साहेब आता तरी रस्त्यावर या", "दादा तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती", नाहीतर मग एखाद्या अँकरला, "जनाची नाही तर मनाची". अरे, साहेब ते वाचत नाहीत, त्यांच्या सोशल मीडियाचं काम बघणारं पोरगं वाचतं आणि पुढे जातं. आणि तुझ्या गावातला माणूस जो ते वाचतो त्याच्या हाती नुसता वैताग लागतो, त्याला नवीन काही कळत नाही. मी स्वतः पाच-सहा वर्षं असंच लिहीत होते म्हणून सांगतेय, दमायला होतं ते यानेच होतं.

तुझा राग खोटा आहे असं मला अजिबात म्हणायचं नाही. जनसुरक्षा विधेयकाचंच घे, संघटनांना बेकायदेशीर ठरवायचा अधिकार राज्य सरकारला देणारं, तू पण त्यावर लिहिलं होतंस. जुलै २०२४ मध्ये ते पहिल्यांदा आलं, तेव्हा पास झालं नाही, निवडणुकीनंतर डिसेंबरात परत मांडलं आणि संयुक्त समितीकडे गेलं. लोकांनी बारा हजारांवर सूचना आणि हरकती पाठवल्या. आमच्या इथून आम्ही शंभरएक पाठवल्या असतील, एका निवृत्त शिक्षकांच्या पडवीत बसून, कलम दोन मोठ्याने वाचायचं, बेकायदेशीर कृत्याच्या व्याख्येत काय काय बसतंय ते बघायचं, आणि मग ज्याला जे खटकलं ते त्याने आपल्या भाषेत लिहायचं. एका शेतमजूर बाईंनी विचारलं की आम्ही रोजगार हमीच्या पैशासाठी तहसीलसमोर बसतो ते यात येईल का, आणि त्याचं ठाम उत्तर आमच्यापैकी कुणाला देता आलं नाही कारण शब्दच इतके सैल होते. कलेक्टर कचेऱ्यांसमोर निदर्शनं झाली, आझाद मैदानात झाली. समितीत विरोधी पक्षांचे मोठमोठे आमदार होते. समितीने काही बदल केले, "व्यक्ती आणि संघटना" असं होतं त्याऐवजी कडव्या डाव्या विचारसरणीच्या किंवा तत्सम संघटना असं आलं, तपास डीवायएसपीच्या, म्हणजे पोलीस उपअधीक्षकाच्या, खालच्या अधिकाऱ्याकडे नको असं आलं. पण "तत्सम" म्हणजे कोण हा प्रश्न तसाच राहिला, आणि समितीतल्या एकाही विरोधी सदस्याने डिसेंट नोट, म्हणजे आपली असहमती, लिहून दिली नाही. १० जुलै २०२५ ला विधानसभेत विधेयक आवाजी मतदानाने पास झालं. काहींनी शंका काढल्या, पण उभं राहून सरळ विरोध केला तो डहाणूच्या विनोद निकोले यांनी, माकपचे एकुलते एक आमदार. दुसऱ्या दिवशी विधान परिषदेत विरोधकांनी सभात्याग केला, नंतर सभा झाल्या, परिषदा झाल्या, मोठे नेते स्टेजवर बसले. पण ज्या दिवशी सभागृहात बोट वर करायचं होतं त्या दिवशी काय झालं ते कामकाजात नोंदलं गेलंय.

आणि त्या आठवड्यात चॅनेलवर काय होतं आठवतंय का? आकाशवाणी आमदार निवासाच्या कँटीनमध्ये डाळ शिळी होती म्हणून एका आमदाराने कर्मचाऱ्याला मारलं तो व्हिडिओ. ती बातमी नव्हती असं नाही, कर्मचाऱ्याला मारणं ही बातमीच आहे. पण मी रात्री नऊला तीन चॅनेल फिरवले, तिन्हीकडे डाळ, आणि ज्या कायद्याने उद्या संघटनेचं ऑफिस सील होऊ शकतं त्याला खाली पळणाऱ्या पट्टीत एक ओळ. त्या रात्री मी पण टीव्ही बंद करून अंधारात बसून राहिले होते.

पण मग मी काय केलं ते सांगते. सकाळी उठून समितीचा अहवाल आणि विधेयकाचा मूळ मसुदा शेजारी शेजारी ठेवला आणि कुठला शब्द गेला, कुठला आला, कुठला तसाच राहिला एवढंच लिहिलं. सगळ्यात खाली आमच्या जिल्ह्यातले कोणते आमदार त्या दिवशी बोलले आणि कोणते नाही ते लिहिलं, नावासकट, पक्षासकट. एकही विशेषण नाही. माझ्या पंधराएक वर्षांच्या लिखाणात आमदाराच्या माणसाचा फोन दोन तासात यायची ती पहिली वेळ. "ताई, साहेब त्या दिवशी सभागृहात होते पण बोलायला वेळ मिळाला नाही, तेवढं लिहा ना." मी लिहिलं की त्यांचं म्हणणं असं आहे. नंतर गावात सभेला आले तेव्हा लोकांनी तेच विचारलं.

नेते असं का वागतात हे एकदा नीट समजून घे, म्हणजे दरवेळी नव्याने मन मोडणार नाही. आपल्याकडचा विरोधी आमदार बऱ्याचदा कारखान्याचा चेअरमन पण असतो, नाहीतर जिल्हा बँकेवर, दूध संघावर, नाहीतर शिक्षण संस्थेत. कारखान्याच्या कर्जाला सरकारची थकहमी लागते, संस्थेच्या तुकडीला मान्यता सरकारची लागते, मतदारसंघातल्या रस्त्याचा निधी सरकारच्या हातात. तपास यंत्रणांची भीती तर आहेच. म्हणजे तो मुंबईत विरोधी बाकावर बसतो आणि त्याची सगळी दुकानदारी सरकारच्या उंबऱ्यात असते. त्यामुळे भाषणात तो शाहू-फुले-आंबेडकर म्हणणार आणि मत द्यायची वेळ आली की कँटीनकडे जाणार. सगळेच तसे नाहीत, पण पक्षाच्या नावावर विश्वास ठेवण्यापेक्षा माणसाचे हितसंबंध कुठे अडकलेत ते बघून ठेव, अंदाज चुकत नाही फारसा.

आता माझी एक चूक, कारण तू पण ती करायच्या बेतात आहेस. लोकसभेला २०२४ मध्ये महाविकास आघाडीला ४८ पैकी ३० जागा मिळाल्या, आणि सांगलीत काय झालं ते सगळ्यांनी बघितलं, तिथे आघाडीच्या वाटपाबाहेरचे विशाल पाटील अपक्ष उभे राहून निवडून आले. तेव्हाच कळायला हवं होतं की जागावाटप खाली कुणालाच पटलेलं नाही. ऑक्टोबरात विधानसभेच्या जागांवरून तेच भांडण, अर्ज भरायची मुदत संपत आली तरी याद्या चालूच. आमच्या तालुक्यात दोन पक्षांचे कार्यकर्ते एकमेकांशी बोलत नव्हते हे मला दिसत होतं. मी त्यावर लिहून ठेवलं होतं, पूर्ण लेख, आणि टाकला नाही. कारण सगळे म्हणाले ताई ही वेळ नाही, समोरच्याला फायदा होईल. मतदानाच्या दिवशी, २० नोव्हेंबरला, सोलापूर दक्षिणमध्ये आघाडीचा उमेदवार ठाकरे गटाचा असताना काँग्रेसच्या खासदारांनी अपक्षाला पाठिंबा जाहीर केला. २३ तारखेला निकाल लागला, महायुतीच्या तीन पक्षांचे मिळून २३०, आघाडीच्या तिघांचे मिळून ४६, आणि २८८ च्या सभागृहात विरोधी पक्षनेतेपदावर दावा करायला लागतात तेवढे २९ आमदार कुठल्याच एका विरोधी पक्षाकडे नाहीत. माझ्या एका लेखाने निकाल बदलला नसता हे मला माहीत आहे. पण आमच्या इथली पोरं मला म्हणाली, ताई तुम्हाला दिसत होतं तर तुम्ही बोलला का नाहीत, आणि याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्या दिवसापासून "ही वेळ नाही" हे कारण मी स्वीकारत नाही. निवडणुकीच्या आधी वेळ नाही, निवडणुकीच्या मध्ये वेळ नाही, हरल्यावर जखमेवर मीठ नको, जिंकल्यावर सरकार अस्थिर करू नका, मग वेळ कधी असते?

मीडियाबद्दल. ऑनलाइन यायच्या आधी मी एका दैनिकाची तालुका वार्ताहर होते, त्यामुळे आतून बघितलंय. मानधन एवढं की महिन्याचं पेट्रोल निघायचं नाही. पण वर्धापनदिनाच्या पुरवणीला जाहिरातीचं टार्गेट ठरलेलं, ते वार्ताहरानेच गोळा करायचं, आणि ते कुणाकडून करणार, कारखाना, पतसंस्था, सभापती, गुत्तेदार. एकदा उन्हाळ्यात मी टँकरच्या खेपांवर बातमी केली, कागदावर दिवसाला चार आणि वाडीवर येतात दोन, बायकांनी भिंतीवर कोळशाने रेघा मारून खेपा मोजल्या होत्या त्याचा फोटो पण दिला होता. ती बातमी लागली नाही. त्या जागी एका नेत्याच्या वाढदिवसाची अर्धं पान जाहिरात, आणि टँकरचा ठेका कुणाकडे होता हे तुला सांगायला नको. ऑफिसातल्या माणसाने मला फोन करून समजावलं, वाईट शब्द एकही वापरला नाही, नुसतं म्हणाला, मॅडम जाहिरातीचं कमिशन तुमच्या खात्यात येईल. कोळशाच्या त्या रेघा मला अजून दिसतात.

म्हणून तालुक्याच्या पत्रकाराला "विकला गेला" म्हणून शिव्या घालताना जरा थांब. त्याला नोकरीच दिलेली नाही, त्याला एजंट करून ठेवलंय. वरच्या पातळीवर तर २००९ च्या विधानसभेला वेगवेगळ्या मराठी दैनिकांत तेव्हाचे मुख्यमंत्री अशोक चव्हाण यांची स्तुती करणारा शब्दन् शब्द सारखा मजकूर छापून आला होता, पत्रकार पी. साईनाथ यांनी ते उघड केलं. अशोक चव्हाणांनी पैसे दिल्याचं नाकारलं, २०१४ मध्ये निवडणूक आयोगाने खर्चाच्या हिशेबावरून त्यांच्याविरुद्ध आदेश दिला आणि त्याच वर्षी दिल्ली उच्च न्यायालयाने तो रद्द केला. ते तेव्हा काँग्रेसचे होते, फेब्रुवारी २०२४ पासून भाजपमध्ये आहेत. हे मुद्दाम सांगतेय, कारण तुझ्या लिखाणात मीडिया जणू २०१४ नंतर बिघडला असं येतं. "पॅकेज", म्हणजे पैसे घेऊन बातम्या छापायचा सौदा, हा शब्द आमच्याकडे त्याच्या आधीपासून चालू होता, आणि तो आपल्या बाजूच्या म्हणवणाऱ्या लोकांनी पण वापरला. हे लिहिलं नाहीस तर वाचणारा तुझ्यावर विश्वास का ठेवेल?

टीव्हीचं गणित अजून साधं. गाडी, रिपोर्टर, कॅमेरामन गडचिरोलीला पाठवायला पैसे लागतात, चार प्रवक्ते चौकोनात बसवायला जवळपास काहीच लागत नाही. २०१८ च्या मार्चमध्ये किसान सभेचा लाँग मार्च नाशिकहून निघाला तेव्हा सुरुवातीचे दिवस मी चॅनेलवर शोधत होते, दिसतच नव्हता. मुंबईच्या वेशीवर आल्यावर सगळे जागे झाले, सोललेले तळपाय दाखवले. दहावीच्या पोरांना परीक्षेला जाताना त्रास नको म्हणून ती माणसं रात्रीतून चालत आझाद मैदानात गेली, ते मुंबईकरांच्या काळजाला लागलं. पण ज्यासाठी ती माणसं चालली त्या वनहक्काचे दावे कुठे अडकलेत, कुठल्या कार्यालयात, कुठल्या शेऱ्यासाठी, ते त्याच्या आधी महिनोन्महिने लिहिणारी माणसं होती, छोट्या छोट्या जागी, आणि म्हणून मंत्र्यांसमोर बसायची वेळ आली तेव्हा मागण्या नेमक्या होत्या.

आपल्या भाषेत हे नवीन नाही. मुकुंदराव पाटलांनी नेवासा तालुक्यातल्या तरवडीसारख्या खेड्यातून 'दीनमित्र' चालवला, १९१० ते १९६७, सत्यशोधकांचं पत्र, शहरात न जाता. पुण्यातल्या मोठ्या पत्रांनी आपली दखल घ्यावी म्हणून ते थांबले असते तर एक अंक निघाला नसता. तुझ्या हातात तर छापखाना पण लागत नाही.

मग लिहायचं काय, तर तुझ्या आसपासचं, कागद हातात धरून. दोन वर्षांपूर्वी आमच्या इथल्या एका वस्तीवरची शाळा बंद करून पोरं शेजारच्या गावात पाठवायची असं चाललं होतं, पट अकरा. यावर "सरकार शिक्षणाच्या मुळावर उठलंय" असं लिहिणं सोपं होतं आणि खरंही होतं. मी एका पालकाबरोबर वस्तीपासून त्या दुसऱ्या शाळेपर्यंत चालत गेले. मधे ओढा, त्यावर पूल नाही, पावसाळ्यात पाणी कुठवर येतं त्याची खूण तिथल्या बाभळीच्या बुंध्यावर दिसते, माझ्या कमरेच्या वर. पहिली ते पाचवीला एक किलोमीटरच्या आत शाळा हवी असा नियम आहे, आम्ही मोबाईलवर मोजलं, रस्त्याने दोनाच्या वर. एवढं लिहिलं, झाडाचा फोटो टाकला, शेवटी गटशिक्षणाधिकाऱ्यांच्या पत्राची तारीख आणि जावक क्रमांक. ज्या आमदारांना मी दहा वर्षं नावं ठेवत होते त्यांनीच सभागृहात तारांकित प्रश्न विचारला, कारण त्यांना आयता तयार मसाला मिळाला. शाळा अजून चालू आहे, या वर्षी पट चौदा.

हे करायला फार काही लागत नाही. माहिती अधिकाराचा अर्ज, जोडपत्र अ, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, एका अर्जात एकच विषय आणि १५० शब्दांच्या आत, नाहीतर परत येतो. तीस दिवस थांबायचं, नाही आलं तर वीस रुपयांचं पहिलं अपील. "का" विचारू नकोस, "का" ला उत्तर देत नाहीत, कागदाचं नाव लिही, लॉगबुकची प्रत, मोजमाप पुस्तिकेची प्रत, ठरावाची प्रत. आणि अर्ज न करता पण २०१८ च्या जीआरप्रमाणे जिल्हा पातळीवरच्या कार्यालयांत आणि स्थानिक स्वराज्य संस्थांत दर सोमवारी दुपारी तीन ते पाच कागद बघायला मिळतात, तो जीआर प्रिंट काढून खिशात ठेव, काउंटरवर बऱ्याच जणांना तो माहीत नसतो. अधिवेशन चालू असताना तारांकित प्रश्नांची यादी, लक्षवेधी, पुरवणी मागण्या हे विधिमंडळाच्या साइटवर येतं. पुरवणी मागण्या, म्हणजे बजेटनंतर मागितलेला जादा खर्च, तर बघच, जुलै २०२५ मध्ये ५७ हजार कोटींच्या वर होत्या, त्यात आपल्या जिल्ह्याच्या वाट्याला काय आलं हे मला कुठल्या चॅनेलवर दिसलं नाही, एखाद्या शनिवारी बसून तू ते काढू शकतोस.

भीतीचं विचारलंयस, ते टाळत नाही. पोलीस ठाण्यातून "जरा येऊन जा" असा फोन आला तर नम्रपणे लेखी नोटीस मागायची. गुन्हा दाखल असेल तर आता बीएनएसएसच्या, म्हणजे सीआरपीसीच्या जागी आलेल्या कायद्याच्या, कलम ३५(३) खाली नोटीस येते, मोर्च्याच्या आधी येते ती १६८ ची, सीआरपीसीतली जुनी १४९. नोटीस आली की जायचं, वकील किंवा दोन माणसं बरोबर घेऊन, एकट्याने कधीच नाही. आयटी ॲक्टचं ६६अ कलम, ऑनलाइन आक्षेपार्ह लिहिल्याबद्दल अटक करायचं, सुप्रीम कोर्टाने २०१५ मध्येच रद्द केलंय, तरी कुणी त्याची भीती घातली तर सांगता आलं पाहिजे. सरकारबद्दलचा ऑनलाइन मजकूर खोटा ठरवणाऱ्या सरकारी फॅक्ट चेक युनिटचा नियम मुंबई उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२४ मध्ये रद्द ठरवला. पण बदनामीचा खटला होऊ शकतो आणि त्यात तारखा खाऊन माणूस संपतो, म्हणून ज्या वाक्याचा कागद नाही ते वाक्य लिहायचं नाही. "भ्रष्ट" हा शब्द मी कित्येक वर्षांत वापरलेला नाही, किती रुपये, कुठल्या तारखेला, कुणाच्या सहीने एवढं लिहिते, वाचणाऱ्याला कळतं. मारायच्या धमक्या आल्या तर स्क्रीनशॉट काढून त्याच दिवशी तक्रार दे आणि पोच घे. दाभोलकरांना २० ऑगस्ट २०१३ ला मारलं त्या सकाळी मी रडत रडत पोस्ट लिहायला बसले होते आणि एक ओळ झाली नाही. घरच्यांना जी भीती वाटते ती खरी आहे, तिला हसू नकोस, त्यांना सांग तू कुठे जातोस आणि कुणाबरोबर.

अजून एक, निवडणुका लागल्या की तुला फोन येतील, पोस्टमागे पैसे देणारे. समोरच्या बाजूचे येतील तसेच आपल्या बाजूचे पण येतील, आणि आपल्या बाजूच्यांना नाही म्हणणं जास्त अवघड असतं कारण ते म्हणतात तू तर असंच लिहितोस ना, मग पैसे घ्यायला काय हरकत आहे. हरकत ही की पुढच्या वेळी त्यांच्या आमदाराने बोट वर केलं नाही तर ते तुला लिहिता येणार नाही.

तू कळवलं होतंस की तुमच्याकडे ग्रामीण रुग्णालयात साप चावल्यावरचं इंजेक्शन नसतं म्हणून पेशंट जिल्ह्याला पाठवतात. त्यावर तू "आरोग्यमंत्री झोपलेत का" अशी पोस्ट टाकली होतीस. या वेळी औषध साठा नोंदवहीच्या गेल्या सहा महिन्यांच्या प्रती माग, आणि रेफर केलेल्या पेशंटची संख्या माग, हे दोन वेगळे अर्ज कर, कुणाचं नाव मागू नकोस. मसुदा लिहून मला पाठव, मी बघून दुसऱ्या दिवशी परत देते.